काका, त्या जांभळ्या फ्यूजबद्दल

ती. स्व. काकांस,
सा. न. वि. वि.

हे पत्र सगळ्यांसमोर लिहितेय, कारण समोर बसून आभार मानले की तुम्ही "हॅ, दोन वायरी तर जोडल्या" म्हणून विषय उडवून लावता. दोन नव्हत्या, पाच होत्या. आणि तुमच्याआधी पैसे घेऊन आलेल्या माणसाला चारसुद्धा धड जोडता आल्या नव्हत्या.

न्यू जर्सीतला जानेवारी, घर विकलेलं, क्लोजिंगला (म्हणजे व्यवहार पुरा होऊन चाव्या देण्याला) नऊ दिवस, आणि खरेदीदारांच्या इन्स्पेक्टरचा शेरा: थर्मोस्टॅट बंद, हीटिंग तपासता आलं नाही. कंपनीचा तंत्रज्ञ आला, फर्नेसचं (बेसमेंटमधल्या, घर गरम करणाऱ्या गॅसच्या भट्टीचं) दार काढून आत टॉर्च मारला, "कंट्रोल बोर्ड गेलाय" म्हणाला आणि कोटेशन ठेवून गेला. मीटर त्याच्या पिशवीतच राहिला.

तुम्ही त्याच बोर्डवर आधी फ्यूज शोधलात. गाडीत असतो तसाच पात्याचा, जांभळा, ३ अँपिअरचा. उडालेला. २४ व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर जळू नये म्हणून तो असतो. आर (R, वीज आणणारी) आणि सी (C, ती परत नेणारी) या तारा कुठेही एकमेकींना टेकल्या की तो जातो, थर्मोस्टॅटचा पडदा काळा होतो आणि घाईने बघणाऱ्याला बोर्ड मेल्यासारखा वाटतो. नवा फ्यूज तसाच घातला असता तर तोही गेला असता. म्हणून तुम्ही भिंतीकडे जाणाऱ्या सगळ्या तारा बोर्डवरून सोडवल्यात, मगच फ्यूज बसवलात, आणि वीतभर वायरीने आर व डब्ल्यू (W, हीटिंग सुरू करणारी) थेट जोडलेत. धूर ओढणारा छोटा पंखा घुरघुरला, इग्नायटर लाल झाला, गॅस पेटला, थोड्या वेळाने घरभर हवा ढकलणारा मोठा पंखा, ब्लोअर, तोही फिरला. बोर्ड ठणठणीत होता! त्या कोटेशनचं काय करायचं विचारल्यावर तुम्ही म्हणालात, "फोडणीच्या डब्याखाली घाल."

खरं दुखणं भिंतीत होतं. आमचा जुना गोल, पाऱ्याचा थर्मोस्टॅट काढून मागच्या वर्षी वायफायवाला बसवला, पण केबल चारच तारांची, आणि नव्याला सी हवी. बसवणाऱ्याने ब्लोअरची 'जी' (G) तार सरळ सी म्हणून वापरली. हिवाळ्यात हे खपून जातं, कारण हीटिंग चालू असताना फर्नेस आपला ब्लोअर स्वतःच सुरू करते. उन्हाळ्यात मात्र एसीचा कॉम्प्रेसर चालू आणि ब्लोअर बंद, म्हणून हवा गार करणाऱ्या आतल्या कॉइलवर बर्फ. बोर्डवर वाय (Y, एसीची) आणि 'जी' यांच्यामध्ये तारेचा एक तुकडा टाकला असता तरी निभावलं असतं. तेही नाही. वर तारांची टोकं दीड-दीड इंच सोललेली. लागतं जेमतेम ३/८ इंच, म्हणजे सेंटिमीटरभर. बाकीचं उघडं तांबं थर्मोस्टॅटच्या प्लेटमागे एकमेकांत घुसून बसलं होतं.

नवी केबल तुम्ही १८ गेजची, आठ तारांची आणलीत. पाचच लागत असताना आठ का, तर "पुढे कुणी हीट पंप, म्हणजे उलटा चालून घर गरमही करणारा एसी, लावला तर भिंत फोडायला नको." जुन्या केबलच्या शेपटीला नवी अडकवताना तारा कमी-जास्त लांबीच्या कापल्यात, म्हणजे सांधा एकाच जागी जाड होत नाही, आणि वरून टेप तिरकी, घट्ट गुंडाळलीत. बेसमेंटच्या तुळईवरचे दोन स्टेपल काढल्यावर जुनी केबल मोकळी झाली, हे आमचं नशीब. भिंतीच्या आत ठोकलेली असती तर ओढून काही हाती लागलं नसतं. मी वरून ओढत होते आणि खालून तुमचा आवाज येत होता, "हिसका देऊ नकोस गं, नाडी ओवतात तसं." मग भिंतीतलं भोक पुट्टीने बुजवलंत. ते उघडं राहिलं की भिंतीतली गार हवा सेन्सरला लागते, आणि खोली उबदार असूनही फर्नेस धावत राहते.

वायफायवाला पुन्हा लावू नका, हा सल्लाही तुमचाच. तो आमच्या खात्याला जोडलेला. घर सोडताना रीसेट करून खात्यातून काढायला विसरलो असतो तर परक्यांच्या घराचं तापमान आमच्या फोनवर दिसत राहिलं असतं. त्याजागी बटणांचा साधा, प्रोग्रॅम करता येणारा थर्मोस्टॅट बसला. खणात पडलेला गोल थर्मोस्टॅट कचऱ्यात न टाकता काउंटीच्या घातक कचऱ्याच्या केंद्रावर दिला. पाऱ्याची काचेची नळी फुटू नये म्हणून पिशवीत बंद करून, उभा धरून नेला.

पण मनात राहिलंय ते वेगळंच. सगळं झाल्यावर तुम्ही हात पुसलेत, चहा थंड होऊ दिलात आणि फर्नेससमोर पुन्हा उकिडवे बसलात. प्रत्येक तारेला मास्किंग टेपची चिंधी होती, त्यावर सवयीने लिहिलेलं: तां, पां, पि, हि, नि. त्याखाली तुम्ही एकेक इंग्रजी अक्षर ठळक काढलंत, "त्या लोकांना कळायला हवं ना." उरलेल्या तिन्ही तारा न कापता गुंडाळून ठेवल्यात. मग दाराच्या आतल्या बाजूला एका पुडीत नवा जांभळा फ्यूज चिकटवलात आणि वर तारीख टाकलीत. ज्यांच्यासाठी हे केलंत त्यांना तुम्ही पाहिलेलंही नव्हतं. डॉलरभराचीही वस्तू नाही ती. कोटेशनवाल्याच्या गाडीत अशा फ्यूजची अख्खी डबी असणार, आणि आम्ही त्याला नुसतं बघायला येण्याचेच पैसे मोजले होते. काही माणसं काम संपवतात, काही माणसं काम नीट ठेवून जातात. दुसऱ्या प्रकारची माणसं इथेही आहेत आणि तिकडेही, फक्त ती जाहिरात करत नाहीत.

क्लोजिंग ठरल्या दिवशी झालं. चाव्या देताना नव्या मालकीणबाईंनी त्या चिंध्यांवरची अक्षरं कुठली म्हणून विचारलं. सांगितलं, मराठी. त्यांनी फोटो काढून घेतला.

आता एक अडचण. नव्या घरातल्या थर्मोस्टॅटला आरसी (Rc, एसीच्या विजेचा) आणि आरएच (Rh, हीटिंगच्या विजेचा) असे दोन वेगळे स्क्रू आहेत, मध्ये दोघांना जोडणारी पट्टी नाही, आणि तांबडी तार एकच. हीटिंग चालतंय. उन्हाळ्याआधी पट्टी टाकायची ना? शनिवारी फोन करते. ब्रेकर पाडल्याशिवाय प्लेटला हात लावणार नाही.

तुमची,
जुन्या घरातली शेजारीण