झाडं जुलैत कशाला मोजता, जूनमध्ये मोजा: शिक्षणमंत्र्यांना खुलं पत्र

मा. शालेय शिक्षण मंत्री महोदय,
सादर नमस्कार.

बीड जिल्ह्यातल्या बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यात जिल्हा परिषदेच्या शाळांवर तीस वर्षं शिकवून मी नुकतीच निवृत्त झाले. नोकरीत असताना हे पत्र लिहिलं असतं तर आधी केंद्रप्रमुखांचा फोन आला असता आणि मग गटशिक्षणाधिकाऱ्यांचा. आता पेन्शनचे कागदही मार्गी लागलेत, म्हणून मोकळेपणानं लिहिते. वनमंत्र्यांना एक प्रत पाठवते आहे, पण दुखणं शाळेतलं आहे, तेव्हा पहिलं पत्र तुम्हाला.

पावसाळा लागला की शाळेच्या ग्रुपवर निरोप येतो. अमुक रोपं लावा, फोटो काढा, आजच्या आज लिंक भरा. रोपं टेम्पोतून येतात, कधी शाळा सुटल्यावर येतात, आणि पिशव्या फाटलेल्या असल्या तरी मोजून घ्यावी लागतात. 2016 च्या 1 जुलैला राज्यात एका दिवसात 2 कोटी रोपं लावायचं ठरलं. 2017 च्या मोहिमेचा आकडा 4 कोटी झाला, 2018 ला 13 कोटी आणि 2019 ला 33 कोटी. त्यातली किती जगली यावरून पुढे विधिमंडळात वाद झाले, समिती नेमली गेली. मी त्या वादात पडत नाही. चारही वर्षं पोरांकडून खड्डे खणून घेणाऱ्यांत मीही होते. 2024 पासून ‘एक पेड माँ के नाम’ आलं. मुलानं आईबरोबर रोप लावायचं आणि दोघांचा फोटो पोर्टलवर चढवायचा. कल्पना गोड आहे. फक्त जुलैत आमच्याकडच्या आया खुरपणीला जातात. फोटोसाठी थांबलं की रोज बुडतो. एक आई पदर सावरत म्हणाली होती, “मॅडम, माझा आधी काढा, गाडी चाललीय.” गाडी म्हणजे बायकांना शेतावर नेणारा टेम्पो.

2017 ला आमच्या शाळेनं साठ रोपं लावली. पुढच्या जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा मैदानात चार झाडं होती, आणि त्यातलं एक कडुलिंबाचं आपोआप उगवलेलं होतं, आम्ही लावलेलंच नव्हतं. पंधरा दिवसांत पुन्हा खड्डे घ्यायची वेळ आली. चौथीतलं एक पोरगं टिकाव घेऊन माझ्याकडं बघत म्हणालं, “मॅडम, इथं घेऊ का? गेल्या सालचा हाय, मऊ लागतंय.” फोटोत मात्र ती साठच्या साठ रोपं अजून हिरवीगार आहेत.

आम्ही पहिली काही वर्षं सगळं खापर शेळ्यांवर फोडलं. शाळेला भिंत नाही आणि शेळीला कुणाची भीती नाही, तेव्हा ते अगदीच खोटं नव्हतं. मग बोरीबाभळीच्या फेसाट्या आणून प्रत्येक रोपाभोवती कुंपण केलं. तरी रोपं वाळायचीच. का वाळतात, हे समजायला मला बरीच वर्षं लागली.

शाळेतल्या झाडांना पाणी कोण घालतं? कागदावर मुलांची हरित सेना घालते. प्रत्यक्षात पाणी येतं ते खिचडीच्या ताटांचं. दुपारी सत्तर-ऐंशी ताटं धुतली जातात, तितकेच हात धुतले जातात, तांदूळ-डाळ धुतलेलं पाणी असतं. ते सगळं हौदापासून एका चरानं झाडांच्या आळ्यांत जातं. चर पोरांनीच काढलेला. हे पाणी जुलैपासून एप्रिलअखेरपर्यंत रोज मिळतं, कुणी आठवण करावी लागत नाही. मे लागला की शाळा बंद, खिचडी बंद, पाणी बंद. दहा महिने तग धरलेलं रोप त्या सहा आठवड्यांत जातं.

हे मला कळलं 2019 मध्ये, तेही उलट्या बाजूनं. आदल्या वर्षी पावसानं दगा दिला होता. ऑक्टोबर 2018 च्या अखेरीस राज्यातल्या 151 तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला, बीड जिल्हाही त्यात आला. दुष्काळी भागात उन्हाळी सुट्टीतही पोषण आहार शिजवायचा, असा आदेश निघाला. खरं सांगते, आम्ही शिक्षकांनी कुरकुर केली. मी तर जास्तच, कारण माहेरी लग्न होतं. गाव टँकरवर. पण रोज सकाळी पंधरा-वीस पोरं ताटं वाजवत यायची, शाळेच्या टाकीत टँकरमधलं थोडं पाणी पडायचं, ताटं धुतली जायची आणि ते पाणी सवयीनं चराला लागायचं. जूनमध्ये मोजलं तर चाळीस रोपांपैकी एकोणतीस जिवंत. माझ्या नोकरीतला तो सगळ्यात वाईट उन्हाळा, आणि सगळ्यात जास्त झाडं त्याच वर्षी जगली.

त्या महिन्यात ताटं धुऊन पाणी चराला लावणारी आमची स्वयंपाकी मावशी. तिला मानधन वर्षातले दहाच महिने मिळतं. 2023 मध्ये ते महिना 1,500 वरून 2,500 रुपये झालं, त्याबद्दल सरकारचे आभार, पण उरलेले दोन महिने तिच्या घरची चूल बंद नसते. माझी पहिली मागणी एवढीच आहे. हे दोन महिनेही तिला मानधन द्या, आणि त्या बदल्यात शाळेतल्या झाडांना दिवसाआड पाणी घालायचं काम तिच्याकडे द्या. एका मावशीमागे हा खर्च 5,000 रुपये. ‘शाळेनं संयुक्त अनुदानातून भागवावं’ असं कृपा करून लिहू नका. 31 ते 100 पटाच्या शाळेला वर्षाला 25,000 रुपयांपर्यंत अनुदान मिळतं. त्यात वीजबिल, खडू, फिनेल, मोडलेला नळ आणि 26 जानेवारीचा खर्च बसवता बसवता मुख्याध्यापक मार्चमध्येच खिशात हात घालतो.

पाण्याइतकंच दुसरंही एक कारण आहे, आणि ते मुंबईतून दिसणं कठीण. आमच्याकडं झाड लावणारं पोर जुलैत शाळेत असतं, दिवाळीनंतर नसतं. आईबापांनी ऊसतोडीसाठी मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेली असते. दसरा झाला की ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या भरायला लागतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. धाकट्याला सांभाळायला थोरलं पोर बरोबर जातं. कुणी कोल्हापूर-सांगलीकडं जातं, कुणी कर्नाटकात. जाताना आम्ही मुलाच्या हातात शिक्षण हमी कार्ड देतो, म्हणजे तिकडच्या शाळेनं त्याला बसवून घ्यावं. काही पोरं हंगामी वसतिगृहामुळं आजीजवळ राहतात. पण ज्याच्या नावानं जुलैत फोटो काढला, ते रोप ऑक्टोबरात पोरकं होतं. त्याला कुठलं कार्ड देणार?

यावरचा तोडगा मला सुचला नाही, पाचवीतल्या एका मुलाला सुचला. ऊसतोडीला जायच्या आदल्या दिवशी तो वर्गात येऊन म्हणाला, “मॅडम, माझं सीताफळ अर्धलीनं द्यायचंय.” ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. आमच्याकडं शेळी अर्धलीनं देतात. शेळी एकाची, सांभाळायची दुसऱ्यानं, पिल्लं निम्मी निम्मी. त्यानं आपलं सीताफळ वर्गातल्या एका मुलीला दिलं. तिची आजी घरी असते, त्यामुळं ती गावातच राहणार होती. फळं लागली की निम्मी त्याची, निम्मी तिची. सगळा वर्ग गोळा झाला. मी विचारलं, “आणि मेलं तर?” दोघांनी जरा विचार केला. मग तोच म्हणाला, “वाळलेलं उपटायचं नाय. मला दाखवायचं.” शेळी मेली तर अर्धलीवाला मालकाला बोलावून दाखवतो, तसं.

त्या दिवशी आणखी अकरा झाडं अर्धलीनं गेली. आम्ही त्यासाठी वही घातली. तारीख, झाड, कुणाचं, कुणाकडं. अंगठे उठवायचा आग्रह पोरांचाच होता, शाई मी पुरवली.

मार्चअखेर साखर कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, आणि माणसं परतली. तो मुलगा ट्रॉलीतून उतरला तो थेट शाळेत. सीताफळाचं पान न् पान गळलेलं, नुसती काडी उभी. त्याचं तोंड उतरलं. ती मुलगी पळत आली, काही न बोलता तिनं नखानं साल जराशी खरवडली आणि म्हणाली, “हिरवं हाय बघ.” सीताफळ उन्हाळ्यात पानं गाळतं, हे दोघांनाही डोंगरात हिंडून माहीत असणार, पण आपल्या झाडाच्या बाबतीत माणूस विसरतो.

म्हणून, मंत्री महोदय, मोजणी मे महिन्यातही नको. जूनच्या मध्यात करा, शाळा उघडेल त्या आठवड्यात. तोवर वळीव पडून गेलेला असतो आणि जे जगायचं ते फुटलेलं असतं. शाळा उघडताना आम्ही पट कळवतो, गणवेश कळवतो, पुस्तकं किती कमी पडली ते कळवतो. त्याच तक्त्यात एक रकाना वाढवा: गेल्या पावसाळ्यातली किती झाडं जिवंत आहेत. जितकी जगली त्या बेतानं नवी द्या. ज्या शाळेत पाच जगली तिला पन्नास देऊ नका, दहा द्या. जुलैतला फोटो राहू दे हवा तर, पोरांना फोटो आवडतात. फक्त हिशेब त्यावर करू नका.

आणि शून्य लिहिणाऱ्या मुख्याध्यापकाला नोटीस काढू नका. ही विनंती मी सगळ्यात कळकळीनं करते, कारण मला आमची जमात ठाऊक आहे. एका शून्याला खुलासा मागवला, की पुढच्या वर्षी अख्ख्या तालुक्यात कुणीच शून्य लिहिणार नाही, सगळीकडं नव्वद टक्के होतील. वाळलेलं उपटायचं नाही, दाखवायचं, हा पाचवीतल्या पोरानं घातलेला नियम शासन निर्णयात बसवता आला तर बघा.

रोपांबद्दल थोडं. दरवर्षी टेम्पोतून येतात त्यात गुलमोहर, गिरिपुष्प असंच काहीबाही जास्त असतं. आमच्या डोंगरात न लावता येतं ते सीताफळ. बीडच्या सीताफळाला 2016 मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. त्याच्या पाल्याला शेळी तोंड लावत नाही, म्हणजे कुंपणाचा निम्मा त्रास वाचतो. लिंब, बोर, चिंच, बाभूळ, करंज यांची रोपं पोरं स्वतः करू शकतात. दुधाच्या रिकाम्या पिशव्या, गाळाची माती, शेणखत. निंबोळी मात्र ताजीच टोचावी लागते, वर्षभर डब्यात ठेवली तर उगवत नाही. बाभळीचं बी शेळीच्या पोटातून आलेलं असेल तर लवकर रुजतं, हे मला तिसरीतल्या धनगराच्या पोरीनं शिकवलं. शेळ्यांच्या वाड्यातून ओंजळभर बिया ती परकराच्या ओच्यात घेऊन आली होती. रोपांचा ठेका देण्याआधी एकदा शाळांना विचारा, निम्मी रोपं त्याच करतील. आणि जिथं मुळात गवताचा माळ आहे तिथं आकडा भरायला झाडं कोंबू नका. सोलापूरच्या नान्नजला माळढोक पक्ष्यासाठी अभयारण्य केलं ते माळरान जपायला. वनमंत्र्यांकडची माणसं हे माझ्यापेक्षा जास्त जाणतात.

तुम्ही म्हणाल, हवामान बदलाची एवढी मोठी गोष्ट, आणि बाई ताटं धुतलेल्या पाण्यावर बोलतायत. चाळीस पोरांच्या चाळीस झाडांनी पृथ्वीचा ताप उतरेल असं मी वर्गात कधी सांगितलं नाही. तो धूर कुठून निघतो ते आठवीच्या पोरांनाही कळतं. पण याच पोरांनी 2018 चा दुष्काळ पाहिला आणि 2025 च्या सप्टेंबरात मराठवाड्यात पाऊस कोसळला तेव्हा बांधासकट वाहून गेलेली माती पाहिली. आमच्या दोन खोल्यांवर पत्रे आहेत. मार्चमध्ये सकाळची शाळा केली तरी दहाला आत बसवत नाही, मग सगळे वर्ग त्या एका लिंबाखाली येतात. होय, तोच, जो कुणीच लावला नव्हता. त्याच्याखाली जास्तीत जास्त तीन वर्ग मावतात, चौथा उन्हात. आम्हाला झाडं हवीत ती त्या चौथ्या वर्गासाठी.

रस्त्याच्या कामात जुने वड-चिंचा जातात त्याबद्दल वेगळं पत्र लिहावं लागेल. इथं एवढंच म्हणते, की सांगली जिल्ह्यातल्या भोसे गावच्या सुमारे चारशे वर्षांच्या वडासाठी 2020 मध्ये राष्ट्रीय महामार्गाचा आराखडा बदलला होता. म्हणजे रस्ता वळवता येतो.

यंदाच्या जूनमध्ये शाळा उघडेल त्या दिवशी आमची मोजणी आहे. मी निवृत्त झाले तरी वही अजून माझ्याकडंच आहे, पोरं सोडत नाहीत. आपल्याला जमलं तर या. हार-नारळ नको, मंडप तर मुळीच नको, त्याचे खांब झाडांच्या आळ्यांत रोवतात. सकाळी सातला सुरू करतो, उन्हाच्या आत संपवतो. पान नसलेलं झाड दिसलं तर नखानं कसं बघायचं ते पोरं दाखवतील. हापसा त्या दिवसांत कोरडाच असतो, तेव्हा प्यायचं पाणी बरोबर आणावं.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका
बीड जिल्हा