पावणेतीन तोळ्यांची दोरी

खानापूर,
श्रावणातला रविवार

प्रिय मित्रा,

तुझं पत्र परवा मिळालं. स्कॉटलंडात ॲबरडीनला जाऊन दोन महिने झाले नाहीत तोवर सॅमन मासा पकडायला तेरा फुटी रॉड घेतलास, हे वाचून इतका आनंद झाला की लगेच तुझ्या आईंना फोन केला. तिथली नोकरी सोडून मला पाच वर्षं झाली, पण तिथल्या डी नदीचं नाव निघालं की अजून हात शिवशिवतात.

शूटिंग हेड, म्हणजे दोरीचा पुढचा जड भाग, कुठलं घेऊ, असं विचारलंयस. तुझ्या मनात कंपनीचं नाव असेल, पण मी आधी वजनाचं बोलतो. मलप्रभेत आपण गळ टाकायचो तेव्हा शिसं पुढं उडायचं आणि दोरी नुसती मागनं जायची. फ्लाय म्हणजे पिसं आणि दोरा गुंडाळलेला बारीक गळ, तिला वजन जवळजवळ नाहीच. म्हणून तिथं फेकायची ती दोरीच. दहा-बारा मीटरचं जाड, जड हेड पुढं उडतं आणि मागची बारीक रनिंग लाइन ओढून नेतं. हे वजन तुझ्या रॉडला जुळलं नाही तर बाकी सगळं फुकट.

मी ते भोगलंय. एका दुकानात ‘जड घ्या, लांब जाईल’ म्हणाले, मी घेतलं. रॉड मुठीपर्यंत वाकायचा, लाइन पाण्यावर धपकन आपटायची, आणि दोन महिने मी माझ्या हातालाच दोष देत राहिलो. मग चार ग्रॅमनं हलकं हेड लावलं. त्या संध्याकाळी लाइन सुटली ती समोरच्या काठापर्यंत सरळ गेली. तो क्षण मी विसरणार नाही.

तुझा रॉड आठ-नऊ नंबरचा आहे, त्याला साधारण 31 ते 34 ग्रॅम. खोक्यावर ग्रेन लिहिलं असेल तर 15.4 ग्रेनचा एक ग्रॅम धर. म्हणजे 500 ग्रेन हे 32 ग्रॅमच्या थोडं वर, आपल्या जुन्या मापात पावणेतीन तोळे. शहापूरच्या सराफासारखं एकदा स्वतः काट्यावर ठेवून बघ, विशेषतः हेड जुनं घेतलंस तर. कुणीतरी ते कापून आखूड केलेलं असतं.

आता प्रकार. स्कँडी हेड पुढं लांबवर निमुळतं होत जातं, लीडर (दोरी आणि फ्लाय यांच्यामधला बारीक धागा) हळुवार उलगडतं, लहान-मध्यम फ्लायला उत्तम. स्कॅजिट आखूड आणि जाड, अमेरिकेतल्या त्याच नावाच्या नदीवरून आलेलं. जड सिंक टिप (दोरीचं बुडणारं टोक) आणि मोठी फ्लाय उचलायला त्याच्यासारखं दुसरं नाही. तू स्कँडीच घे, तेही तरंगतं. वसंतात पाणी गार आणि भरलेलं असतं, तेव्हा सॅमन वर यायला तयार नसतो; फ्लाय खोल आणि संथ न्यावी लागते. त्यासाठी पुढं बुडणारं दुसरं हेड घेशील. उन्हाळ्यात पाणी उतरलं की तरंगतं हेड, लांब लीडर आणि बोटाच्या पेराएवढी फ्लाय पुरते. एक लक्षात ठेव, नदीत चढलेला सॅमन खातच नाही. तो फ्लाय का धरतो, यावर तिथले जुने लोक रात्र-रात्र बोलतात.

रनिंग लाइन पहिल्या वर्षी कोटिंगवाली घे. मोनो, म्हणजे साधी नायलॉनची, लांब जाते खरी, पण गारठलेल्या बोटांतनं निसटते आणि तिची वेटोळी सुटत नाहीत. फेकताना हेड पूर्ण टोकाबाहेर काढ, वर हातभर रनिंग लाइन सोड. हेड आत राहिलं तर ते उडणारच नाही.

सराव मात्र पाण्यावरच कर. मैदानात स्पे कास्ट, म्हणजे लाइन मागं न उडवता पाण्यावरनं फेकणं, जमत नाही, लाइनला पाण्याची पकड लागते. मी असोग्याच्या घाटावर गळाऐवजी लाल लोकरीचा गोंडा बांधून उभा राहतो. मागं झाडी आहे, लाइन मागं फेकायला जागाच नाही. स्कॉटलंडातल्या स्पे नदीच्या काठालाही हेच होतं, म्हणून तर तो कास्ट निघाला. रविवारी स्कॉटलंडात सॅमनची मासेमारी बंद असते, तेवढं सांभाळ.

रॉडवर मुठीच्या वर जे आकडे छापलेत त्यांचा फोटो पाठव, मग ग्रॅम नक्की करू. सध्या मलप्रभा लाल होऊन वाहतेय, पाणी उतरेपर्यंत माझा गोंडा खुंटीला. तुझ्या आई बऱ्या आहेत, कुंदा पाठवायचा म्हणतायत.

तुझा,
खानापूरचा दोस्त