आधी सगळ्यांचे रविवार लिहून काढ

प्रिय मनू,

तुझ्या यूट्यूब मालिकेबद्दलचा लांबलचक मेसेज वाचला. चार लाखांचं कर्ज, सहा महिने बिनपगारी रजा, पंचवीस-पंचवीस मिनिटांचे दहा भाग आणि शेवटी ठळक अक्षरांत ‘या वेळी प्रॉपर कॅमेरा’. फोन केला असता तर आपण दोघी भांडलो असतो आणि बाबा मध्ये पडून दोघींचं ऐकून घेत बसले असते. म्हणून लिहितेय. कर्जाला माझा नकार आहे. मालिकेला होकार आहे, आणि तो तोंडदेखला नाही हे खाली वाचशीलच.

दोन भाग तू टाकलेस, लोकांनी पाहिले, तिसरा अडकला. कशामुळे अडकला ते एकदा शांतपणे आठव. नायकाला बंगळुरूची नोकरी लागली आणि तो गेला. बहिणीचं काम करणारीने केस खांद्यापर्यंत कापले. ज्याच्या फ्लॅटमध्ये शूट चालायचं त्याच्या घरमालकाने सोसायटीच्या तक्रारीवरून हात वर केले. यातली एक तरी अडचण चार लाखांनी सुटली असती का? फार तर याच अडचणी महागड्या कॅमेऱ्यातून जास्त स्वच्छ दिसल्या असत्या.

मी हौशी नाटकाच्या बॅकस्टेजला वाढले हे तुला माहीत आहे. राज्य नाट्य स्पर्धा 1954 पासून चालू आहे. सांगलीच्या भावे नाट्यमंदिरात तिची प्राथमिक फेरी लागली की विंगेत उभं राहून किती संस्था आल्या-गेल्या ते मी पाहिलंय. बंद पडलेल्या संस्थांपैकी केवळ पैसे संपले म्हणून बंद पडलेली मला एकही आठवत नाही. नेपथ्याला पैसे नसले की कुणाच्या घरचा पलंग यायचा, साड्यांचे पडदे व्हायचे, मिशा भाड्याने मिळायच्या. पण तालमीला दहापैकी चौघेच आले, पुढच्या आठवड्यात तिघे, की समजायचं. माणसं संपली की संस्था संपते. आणि माणसं भांडून क्वचितच जातात गं. बहुतेक जण नुसते यायचे थांबतात.

तर तुझं भांडवल म्हणजे तुझ्या सहा-सात मित्रमैत्रिणींचे रविवार. सगळे नोकरी करणारे, कुणाची सासू आजारी, कुणाच्या घरी लहान मूल. एक वही घे. डावीकडे नावं, वर तारखा, आजपासून नवरात्रापर्यंतच्या. कोण कुठल्या रविवारी नक्की येऊ शकतो ते त्यांना विचारून लिही. आपल्या मनाने धरू नकोस. ते पान भरल्याशिवाय पटकथेचं पहिलं वाक्यही लिहू नकोस. तुम्ही उलटं करता. आधी लिहिता, मग त्यात बसणारी माणसं आणि वेळ शोधत फिरता.

आता हिशेब. पटकथेचं एक पान म्हणजे साधारण एक मिनिट, हे तूच मला शिकवलंस. पंचवीस मिनिटांचे दहा भाग म्हणजे 250 पानं. तुमच्यासारख्या मंडळींची दिवसाला पाच पानं झाली तरी खूप झालं; म्हणजे 50 रविवार. लग्नं, गणपती, ताप, पाऊस काहीही न येता सलग एक वर्ष. असं वर्ष कुणाच्या आयुष्यात येतं? आठ मिनिटांचे सहा भाग धरलेस तर 48 पानं, दहा रविवार. वाया जाणारे चार धर, चौदा. हे जमण्यातलं आहे. आणि एका दिवसात जागा बदलायची नाही. सामान गुंडाळायचं, रिक्षा, पुन्हा लाइट लावायचे, यात अर्धा दिवस जातो. म्हणजे तू दोन-तीन पानं रस्त्यावर सांडलीस.

मग जे आहे त्यातून लिही. नायक बंगळुरूला गेला ना? कथेतही जाऊ दे. तो व्हिडिओ कॉलवर येईल, आपला भाग आपल्या खोलीत शनिवारी रात्री स्वतःच मोबाइलवर शूट करून पाठवेल. लांब गेलेल्या माणसाशी अर्धवट तुटत्या नेटवर्कवर भांडणं हे आज पुण्यातल्या निम्म्या घरांत चालतं, त्याला वेगळं नेपथ्य लागत नाही. बहिणीचे केस कापलेत, तर आईने एका वाक्यात विचारावं, ‘हे काय करून आलीस?’ झालं. घरमालक नको म्हणतोय, तर सांगलीचं आपलं घर आहे. गावभागातला जिना, मागची न्हाणी, माळा. दोन जोडून सुट्ट्या आल्या की सगळ्यांना घेऊन ये. रेल्वे फलाटावरचा निरोपाचा प्रसंग मात्र काढून टाक. तिथे शूटिंगला रेल्वेची परवानगी लागते. चोरून करायला गेलात तर पोलीस यायच्या आधी तुमचा कॅमेरावाला घाबरेल आणि चित्र हलेल.

बाबा यूट्यूबवर ‘गावाकडच्या गोष्टी’ आणि ‘चांडाळ चौकडीच्या करामती’ न चुकता बघतात. तुझं नाक मुरडणं मला दिसतंय. पण नीट बघ, ती मंडळी काय करतात. एक सातारा भागातली, दुसरी बारामती तालुक्यातल्या कांबळेश्वरची. आपलाच पार, आपलीच गल्ली, आपलीच बोली, अंगावरचे कपडे घरचेच. त्यांनी पुण्या-मुंबईची नक्कल करत गाव उभं केलेलं नाही, म्हणून ते कुठे उसनं वाटत नाही. तुझे दोन भाग मात्र मला तुझ्या हिंजवडीच्या ऑफिसच्या कॅन्टीनसारखे वाटले: सगळं आहे, पण कुठल्या गावचं ते कळत नाही. तुझी नायिका चिडल्यावर हिंदीत का बोलते? सांगलीची मुलगी चिडल्यावर कशी बोलते ते तुला चांगलं माहीत आहे, माझ्यावर रोज सराव केला आहेस.

तू त्या अमेरिकन लेखिका-अभिनेत्रीचं, इसा रेचं उदाहरण दिलंस, म्हणून मी वाचलं. तिची यूट्यूबवरची मालिका 2011 च्या सुरुवातीला चालू झाली. किकस्टार्टर या वर्गणी गोळा करायच्या वेबसाइटवर लोकांकडे पैसे मागितले ते त्यानंतर काही महिन्यांनी, भाग बघणारे जमल्यावर, उरलेला सीझन पुरा करायला. 56 हजार डॉलरांहून जास्त आले. त्याआधी 2007 मध्ये फेलिशिया डे या दुसऱ्या अमेरिकन अभिनेत्रीने ‘द गिल्ड’ या वेब मालिकेचे पहिले भाग पदरमोड करून केले, आणि मग बघणाऱ्यांनी पेपॅलवरून पाठवलेल्या पैशांवर पुढचे. दोघींनी आधी दाखवलं, मग हात पसरला. तू आधी बँकेत जायला निघालीयस.

आणि हो, दादासाहेब फाळक्यांचं नाव काढशील, ते सगळेच काढतात. त्यांच्या पत्नीने, सरस्वतीबाईंनी सिनेमासाठी दिलेले दागिने सगळ्यांना आठवतात. मला वाटाण्याचं रोप आठवतं. 1912 मध्ये लंडनहून कॅमेरा आणल्यावर त्यांनी वाटाण्याचं रोप कसं वाढतं ते थोडं थोडं टिपत एक छोटीशी फिल्म केली आणि पैसे लावू शकणाऱ्यांना ती दाखवली. आपल्याकडे त्यागाच्या गोष्टी चवीने सांगतात. नमुना आधी दाखवण्याचा हा शहाणपणा त्यात हरवतो.

आता मी काय देते ते. माझ्या मुदत ठेवीतून 40 हजार. निम्मे आत्ता, निम्मे चार भाग एडिट होऊन मला दिसले की. कॅमेऱ्यावर यातला एक रुपया खर्चायचा नाही. तुमच्यातल्या दोघांचे मोबाइल पुरेसे आहेत. आधी दोन बरे लेपल माईक, कपड्याला अडकवायचे छोटे माईक, घ्या. तुझ्या दुसऱ्या भागात मला पंखा ऐकू आला, फ्रिजची घरघर ऐकू आली, खालच्या भाजीवाल्याची मेथी ऐकू आली. नायिका नक्की काय म्हणाली ते मात्र मला बाबांना विचारावं लागलं. चित्र धूसर असलं तर माणूस बघत राहतो, वाक्य कळलं नाही तर पुढे ढकलतो. पंखा बंद, फ्रिज बंद. फ्रिज परत चालू करायला विसरू नये म्हणून साउंडवाले गाडीची किल्ली फ्रिजमध्ये ठेवतात म्हणे. ही युक्ती मला फार आवडली. प्रत्येक खोलीचा नुसता रिकामा आवाज अर्धा मिनिट टिपून ठेवायचा, एडिटला उपयोगी पडतो. नंतर डबिंग करू म्हणशील, तर त्यासाठी पुन्हा सगळ्यांचे रविवार लागतील. दुसरा खर्च हार्ड डिस्कचा: दोन, दोन वेगवेगळ्या घरांत.

उरलेले पैसे पोटाला आणि प्रवासाला. कुणी मागितलं नाही तरी बसचं, पेट्रोलचं भाडं त्याच दिवशी हातात दे. फुकट काम करणाऱ्याला स्वतःच्या खिशातूनही घालावं लागलं की तिसऱ्या वेळेला त्याला काहीतरी काम निघतं. सकाळी पोहे, एक वाजता जेवण म्हणजे एकलाच जेवण, पाचला चहा. ‘एवढा शॉट झाला की’ हे वाक्य मी विंगेत इतकं ऐकलंय की आजही ते ऐकलं की मला भूक लागते. सातला पॅकअप म्हटलंस तर सातला. अर्धा सीन राहिला तर राहू दे. वेळेवर सोडलेला माणूस पुढच्या रविवारी येतो.

आता जरा कंटाळवाणं, पण वकिलाच्या ऑफिसातल्या माझ्या टायपिंगचा तुला एवढा तरी उपयोग होऊ दे. लेखन तुझ्या मित्राचंही आहे. कॉपीराइट कायदा 1957 चा. त्याप्रमाणे त्याचे हक्क लेखी, सही केलेल्या कागदाशिवाय तुझ्याकडे येत नाहीत. कागदात मुदत लिहिली नाही तर ती 5 वर्षांची धरतात, प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. तुझी मालिका अमेरिकेत जर्सी सिटीतली मावशीही बघते, तेव्हा दोन्ही लिहायचं. नट, कॅमेरा, संगीत, सगळ्यांशी एकेक पानाचा करार कर, मराठीत, सगळ्यांना समजेल असा: काम कुठे कुठे दाखवणार, पैसे आलेच तर कुणाला किती, मध्येच सोडलं तर झालेल्या भागांचं काय. मैत्रीत कागद कशाला, असं कुणीतरी म्हणेलच. त्याची सही पहिली घे. आज कुणाकडेच वाटून घ्यायला काही नाही, म्हणून आजच सगळे हसत सही करतील.

गाण्याचंही तसंच. पार्श्वसंगीताला तू लावलेलं ते अभंगाचं रेकॉर्डिंग काढून टाक. तुकोबांचे शब्द सगळ्यांचे आहेत, पण त्यांना लावलेली चाल संगीतकाराची असू शकते आणि ध्वनिमुद्रणाचा हक्क कंपनीचा, प्रकाशनानंतर 60 वर्षं. तुझ्या मैत्रिणीला तो अभंग भजनी चालीत, टाळावर, स्वतःच्या गळ्याने म्हणू दे. तिचा आवाज थोडा फाटका आहे, तो इथे चांगलाच वाटेल.

यूट्यूबच्या पैशांचं स्वप्न तू कर्जाच्या हप्त्यांशी जोडलंयस, ते सोडव. लांब व्हिडिओंच्या जोरावर जाहिरातींचा वाटा सुरू व्हायला 1,000 सबस्क्राइबर आणि 12 महिन्यांत 4,000 तास बघितलं जाणं लागतं. आठ मिनिटांचा भाग लोक सरासरी चार मिनिटं बघतात असं धरलं तर 60,000 वेळा बघितलं जायला हवं, म्हणजे सहा भागांना प्रत्येकी 10,000. त्यानंतर कुठे जाहिरातीच्या उत्पन्नातले 55 टक्के तुमचे, आणि तेही सात जणांत. शॉर्ट्स, म्हणजे यूट्यूबवरचे छोटे उभे व्हिडिओ, त्यांच्या फीडमध्ये बघितलेला वेळ या 4,000 तासांत धरत नाहीत, तेव्हा त्या तुकड्यांनी माणसं दारापर्यंत येतील, घरात यायला मूळ भागच चांगला लागेल. हप्ता यातून निघत नाही. नोकरी सोडू नकोस, रजाही नको. तुझ्या पगारावर तुझं भाडं चाललंय म्हणूनच तू एखादा भाग कचऱ्यात टाकायचं धाडस करू शकतेस.

सहाही भाग एडिट होऊन हातात आल्याशिवाय पहिला टाकू नकोस. मागच्या वेळी पहिला भाग तयार झाला त्याच रात्री टाकलास, दुसऱ्याला दोन महिने लागले, तोवर मीसुद्धा विसरले होते बहिणीचं लग्न ठरलं होतं की मोडलं होतं. सहा हातात असले की सहा आठवडे, ठरलेला वार, ठरलेली वेळ. मराठी आणि इंग्रजी सबटायटल दोन्ही घाल. बेळगाव, इंदूरकडे मराठी वाचणारे पुष्कळ आहेत, पण मावशीच्या मुलांना मराठी कळतं, वाचता येत नाही. जुने दोन भाग काढू नकोस, असू देत तिथेच.

वहीच्या पानाचा फोटो रविवारपर्यंत पाठव, म्हणजे पहिले 20 हजार सोमवारी टाकते. आणि पाचव्या भागातल्या सासूसाठी मला विचारलंयस ते विसर, मी कॅमेऱ्यासमोर येणार नाही. शेजारच्या काकूंना विचार. मी नुसतं सहज बोलले त्यांच्याजवळ, तर त्यांनी दोन साड्या इस्त्रीला दिल्यासुद्धा आहेत आणि संवाद कधी मिळणार म्हणून रोज गॅलरीतून विचारतायत.

तुझी,
आई