नऊ एकतीसचा मुहूर्त

मा. संपादक,
स. न. वि. वि.

अमेरिकेत नोकरीसाठी लागणाऱ्या एच-१बी व्हिसाच्या नव्या शुल्कावरून मध्यमवर्गानं 'गळा काढण्याचं' कारण नाही, असं आपण कालच्या अग्रलेखात बजावलंत. कुठल्याही देशाचा अध्यक्ष आपल्या देशाचं हित बघणारच, आणि हे पाऊल 'पूर्ण विचारांती' उचललेलं दिसतं, असंही लिहिलंत. ते 'पूर्ण विचारांती' रात्रभर डोक्यातून जाईना. म्हणून चहा व्हायच्या आत लिहायला बसले आहे.

आमच्या घरी हा पूर्ण विचार शनिवारी, २० सप्टेंबर २०२५ला, सकाळी पावणेसातला पोचला. मुलगा अमेरिकेतल्या एडिसनहून आठ दिवसांसाठी आला होता. ह्यांना जाऊन तीन वर्षं झाली. सर्वपित्रीला दर वेळी पुतण्या बसतो, या वेळी मी बसेन म्हणून हा रजा काढून आलेला. गुरुजी रविवारी दहाला येणार होते. अळूची पानं फ्रिजमध्ये, वड्यांची डाळ रात्री भिजत घालायची होती. आणि कंपनीच्या वकिलांचा निरोप, की रविवारी सकाळी नऊ एकतीसच्या आत अमेरिकेत पाऊल ठेवा, नाहीतर एक लाख डॉलर. म्हणजे ८८ लाख रुपये. वॉशिंग्टनला रात्रीचे बारा वाजून एक मिनिट होतं तेव्हा आपल्याकडे नऊ एकतीस होतात. अमावास्येला कुणी मुहूर्त काढत नाही असं मी समजत होते. ट्रम्प साहेबांनी काढून दिला, तोही मिनिटाच्या हिशेबानं आणि दक्षिणेसकट.

दोरीवरचे दोन ओले शर्ट त्यानं तसेच प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंबले. लंडनमार्गे दुपारच्या विमानाचं तिकीट मिळालं, परतीचं आधी काढलं होतं त्याच्या अडीचपट भावानं. ह्यांच्या फोटोला उभ्या उभ्या नमस्कार केला आणि गेला. मेतकुटाची पुडी टॅक्सीच्या खिडकीतून दिली.

पुढचं आपल्याला माहीत आहेच. शुक्रवारी वाणिज्यमंत्री लटनिक अध्यक्षांच्या शेजारी उभे राहून हे शुल्क दरवर्षी असल्याचं सांगत होते. शनिवारी व्हाइट हाउसच्या प्रवक्त्या लेविट बाईंनी खुलासा केला, की छे, दरवर्षी नाही, एकदाच. तेही नव्या अर्जांना. ज्यांच्याकडे व्हिसा आहे त्यांनी खुशाल यावं-जावं. हा खुलासा झाला तेव्हा माझा मुलगा अटलांटिकवर होता. सॅन फ्रान्सिस्कोला तर दुबईच्या विमानात बसलेली माणसं धास्तावून खाली उतरली. एका रात्रीत वर्षाचं एकदाच होतं, जुन्यांचं फक्त नव्यांना होतं, याला आपण विचारांती म्हणता? आमच्या भिशीचे नियमसुद्धा यापेक्षा विचार करून ठरतात.

विमानतळावरच्या अधिकाऱ्यानं त्याला एकच प्रश्न विचारला, खाण्याचं काही आणलंय का.

रविवारी दहाला गुरुजी आले तेव्हा त्याच्याकडे रात्रीचे साडेबारा वाजले होते. पाण्याच्या तांब्याला फोन टेकवून ठेवला. पुतण्या पाटावर, हा फोनमध्ये. 'मम' म्हणायची वेळ आली की आवाज मागून पोचायचा. शेवटी गुरुजीच त्याच्यासाठी थांबायला लागले. रिपब्लिकन पक्ष म्हणे धर्म, परंपरा, कुटुंबसंस्था जपणारा आहे. जपत असेल, स्वतःची. बरं, परक्यांचं एवढं वावडं आहे म्हणावं तर त्याच दिवशी त्याच सहीनिशी 'गोल्ड कार्ड'ही निघालं. माणशी दहा लाख डॉलर टाका आणि या. म्हणजे हरकत परदेशी माणसाला नाही, पगारावर जगणाऱ्या माणसाला आहे. हे अग्रलेखात कुठे आलं नाही, का जागा कमी पडली?

नोव्हेंबर २०२४ मध्ये ट्रम्प निवडून आले तेव्हा आमच्या सोसायटीत पेढे वाटले गेले. मीही खाल्ला, खोटं कशाला बोलू. साखर असून खाल्ला. वाटणाऱ्या काकांचा जावई त्या शनिवारी सुटीवर नागपुरात होता. काका हल्ली लिफ्टमध्ये भेटले की पावसावर बोलतात. अर्थात मुदतीच्या बाबतीत आपण कोणाला नावं ठेवू नयेत. नोटाबंदीला रात्री आठ ते बारा एवढाच वेळ मिळाला होता. त्या मानानं ट्रम्प दिलदार.

पण याच साहेबांचा सरकता जिना २३ तारखेला संयुक्त राष्ट्रांत बंद पडला, तर लगेच घातपात, चौकशी आणि 'अटक करा'! संयुक्त राष्ट्रांचं म्हणणं, की त्यांच्याच चमूतला चित्रीकरण करणारा माणूस जिन्यावर पुढे होता, त्याच्याकडून सुरक्षेची यंत्रणा चालू झाली असावी. मुंबईत रोज कुठल्या ना कुठल्या स्टेशनचा जिना बंद असतो. आम्ही गुडघे धरून चढतो. चार पायऱ्या स्वतःच्या पायांनी चढाव्या लागल्या तर यांना कट दिसतो, आणि लोकांची लेकरं पाटावरून उठवली तर ते धोरण.

आपण सुज्ञ आहात. पुढच्या वेळी 'पूर्ण विचारांती' लिहिण्याआधी ज्यांच्या घरी तो विचार पोचला अशा एखाद्याला फोन करावात, एवढीच विनंती.

कळावे.
एक जुनी वर्गणीदार

ता. क. : शनिवारच्या शब्दकोड्याची सोमवारी छापलेली उत्तरं भलत्याच कोड्याची होती. आडवा शब्द १४ चार अक्षरी आहे. आपण सहा अक्षरी उत्तर दिलंत. हे या महिन्यात दुसऱ्यांदा होतंय. आधी लिहिलेल्या पत्राला उत्तर नाही.