जाळीचं दार आणि संध्याकाळचं नेट

बंगळूर, १६ नोव्हेंबर

तीर्थरूप आई-बाबांना
शि. सा. नमस्कार.

पत्र बघून दचकू नका, इकडे सगळं ठीक आहे. हेच फोनवर सांगायचा चार वेळा प्रयत्न केला आणि चारही वेळा मी मुद्द्यावर येईपर्यंत आईचं चित्र तोंड उघडं ठेवून थांबलं. पाचव्यांदा बाबा म्हणाले, "नंतर बोलू." म्हणून हा कागद. तसंही बाबांना जे फाइलला लागतं तेच खरं वाटतं. विजेच्या बिलांच्या मागे लावून ठेवा.

पहिलं म्हणजे आईच्या मागच्या खोलीत नेट येत नाही म्हणून नेटचा प्लॅन वाढवू नका. तो माणूस पुन्हा येऊन "काका, १०० चा ३०० करा, सगळीकडे पळेल" म्हणाला तर त्याला चहा द्या आणि पाठवून द्या. दिवाळीत मी राउटरशेजारी उभी राहून मोजलं तेव्हा १०० पैकी ९४ येत होते. म्हणजे पैसे देताय तेवढं नेट घरात येतंय. व्हिडिओ कॉलला दोन-तीनसुद्धा पुरतात. टाकी भरलेली आहे, मागच्या खोलीला पाइपच गेलेला नाही. मोठी टाकी बसवून तिथल्या नळाला पाणी येणार आहे का?

आता भिंत. बाबा, तुम्ही म्हणालात, "त्यांच्याकडे पाच खोल्यांत येतं, आपल्याकडे तीन खोल्यांत येत नाही." त्यांचा फ्लॅट आहे हो, आतल्या भिंती चार-साडेचार इंची. आपलं घर आजोबांनी पानशेतच्या पुरानंतर बांधलेलं. १२ जुलै १९६१ ला शनिवारातला वाडा पाण्यात बसलेला ज्याने बघितला, तो माणूस एरंडवण्यात घर बांधताना गवंड्याला काय सांगणार? जोत्याला काळा दगड, वर चौदा इंची वीट, आणि "पैशाचं मी बघतो." ही गोष्ट मी तुमच्याच तोंडून पन्नास वेळा ऐकली आहे. पुढे ८७ साली तुम्ही मागची खोली काढलीत आणि घराची बाहेरची भिंत घराच्या आत आली. मुठेचं पाणी अडवायला बांधलेली भिंत आता मधली खोली आणि आईची खोली यांच्यामध्ये उभी आहे आणि इमानेइतबारे जे येईल ते अडवते आहे.

त्यात राउटर कुठे, तर पुढच्या खोलीच्या कोपऱ्यात, टीव्हीच्या मागे. तिथून आईच्या कॉटपर्यंत सिग्नल सरळ जात नाही, तिरका जातो. बाबा, हे गणित तुमच्याच खात्यातलं: चौदा इंचांची भिंत पंचेचाळीस अंशांत पार करायची तर चौदा गुणिले वर्गमूळ दोन, म्हणजे जवळजवळ वीस इंच वीट.

पण खरी गंमत भिंतीची नाहीच, आणि ती शोधली आईने. मी नाही.

आई म्हणत होती, "दिवसा बरं असतं गं, दिवे लागले की जातं." मी काय केलं? शहाणपणा. संध्याकाळी आजूबाजूचे सगळे घरी येतात, सगळ्यांची नेटं एकदम चालू होतात, गर्दी होते, वगैरे. हे खोटं नाही. माझ्या फोनवर आपल्या घरातून एकोणीस वायफाय दिसत होती, आणि वायफायच्या २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात एकमेकांच्या अंगावर न येणारे चॅनेल मोजून तीन: १, ६ आणि ११. बाकीचे सगळे शनिवारवाड्यावरच्या पीएमटी बससारखे, एकाच्या मांडीवर दुसरा. मी आपलं १ वर लावून दिलं, "बघ आता" म्हटलं, आणि त्या संध्याकाळी साडेसहाला आईचा गीतेचा वर्ग पुन्हा अडकला. दुसऱ्या अध्यायातच.

भाऊबीजेच्या आदल्या दिवशी मी तिच्या कॉटवर बसून फोनमधला सिग्नलच्या ताकदीचा आकडा बघत होते. हा आकडा उणे असतो. उणे ५० म्हणजे उत्तम, उणे ६७ पर्यंत व्हिडिओ नीट चालतो, उणे ७५ च्या खाली रडारड. दर दहाने खाली गेलं की ताकद दहावा हिस्सा, वीसने गेलं की शंभरावा. तेव्हा होते उणे ६४. चांगलं चाललं होतं. आई देवापाशी दिवा लावून आली, डास आत येतात म्हणून मधलं जाळीचं दार ओढून घेतलं, आणि माझ्या हातातला आकडा उणे ८३ झाला.

मी उठून दार उघडलं. ६५. लावलं. ८२. पुन्हा उघडलं.

आई म्हणाली, "अगं बंद कर ते, डास येतायत. खेळ काय मांडलाय!"

तर असं आहे. तुमचं नेट दिवेलागणीला जात नाही, आई दिवेलागणीला दार लावते म्हणून जातं. चौदा इंची भिंतीतून जे काय थोडं झिरपतं त्यावर व्हिडिओ चालत नाही. इतके दिवस तुम्ही जगत होता ते त्या उघड्या दारातून, मधल्या खोलीच्या भिंतींवर आपटत आपटत येणाऱ्या सिग्नलवर. आणि त्या दाराला स्टीलची बारीक जाळी आहे.

बाबा म्हणतील, जाळीतून आरपार दिसतं, वारा येतो, मग नेटला काय धाड भरली? आठवा, मी कॉलेजात असताना आपण विज्ञान दिनाला खोडदला गेलो होतो, नारायणगावच्या पुढे, जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण बघायला. ४५ मीटर व्यासाच्या तबकड्या, अशा तीस. लांबून आईला ती मोठी परात वाटली आणि जवळ गेल्यावर ती म्हणाली, "अगंबाई, ही तर नुसती जाळी!" तिथे समजावून सांगणाऱ्या मुलाने सांगितलं होतं की वीतभरापासून पुरुषभर लांबीच्या लहरी पकडायच्या आहेत आणि जाळीची भोकं आहेत दहा ते वीस मिलिमीटरची. लहरीपुढे भोक इतकं लहान असलं की तिच्या दृष्टीने तो पत्राच. वारा आरपार जातो, त्यामुळे तबकडीवर जोर कमी येतो, वजन कमी, खर्च कमी. लहर मात्र आपटून परत फिरते. तुम्ही परतीच्या वाटेवर मसाला दूध पिताना हे मला पुन्हा एकदा, सुरुवातीपासून, समजावलं होतंत. (मला पहिल्यांदाच कळलं होतं, आता सांगते.)

आपल्या वायफायची लहर साडेबारा सेंटिमीटरची, दुसरी पाच गिगाहर्ट्झवाली सहाची. डासांच्या जाळीचं भोक जेमतेम एक मिलिमीटर. म्हणजे रोज संध्याकाळी आई आपल्या खोलीच्या तोंडाशी छोटं खोडद उभं करते.

उपाय सोपा आहे. जाळी बदलायची. फायबरची, राखाडी रंगाची मिळते, दिसायला तशीच, डास अडतात आणि लहरी जातात, कारण त्यात धातू नाही. दार तेच, चौकट तीच. बाबांनी स्टीलची का घेतली ते मला माहीत आहे, उंदरांनी नायलॉनची कुरतडली होती म्हणून. पण दाराचा खालचा दोन फूट भाग प्लायचा आहे, उंदीर वर चढून जाळी खाईल असं मला वाटत नाही. खाल्लीच तर पुन्हा बसवू. बाहेरच्या, अंगणाकडच्या दाराची स्टीलची जाळी तशीच राहू द्या.

एवढ्याने निम्मं काम होईल. उरलेल्यासाठी वायर. बाबा, थांबा, भिंतीला ड्रिल लावायचं नाहीये. आजोबांच्या भिंतीला हात न लावता काम होतंय. तुम्ही नोकरीत असताना मागच्या खोलीत एक्स्टेन्शन फोन होता, आठवतंय? लाल रंगाचा, मी त्यावर तुमचं बोलणं चोरून ऐकायचे. त्याची वायर मधल्या भिंतीतून गेली होती. फोन गेला, वायर गेली, भोक आहे. मी दिवाळीत उदबत्तीची काडी घालून बघितलं आणि मग दोन काड्या दोऱ्याने बांधून. दुसऱ्या बाजूने हवा येते.

त्या भोकातून कॅट सिक्स, म्हणजे नेटची वायर न्यायची. पुढच्या राउटरपासून आईच्या कॉटपर्यंत कोपरे धरून अठरा मीटर भरते, वीस घ्या. (ही वायर शंभर मीटरपर्यंत चालते, काळजी नाही.) वायरमनला एकच गोष्ट बजावून सांगा: आधी नुसती वायर ओवायची, टोकाचा क्लिप मागाहून क्रिंप करायचा, म्हणजे दाबून बसवायचा. क्लिप लावलेली तयार वायर आणली तर ती भोकातून जाणार नाही आणि मग तो "काका, जरा मोठं करतो" म्हणून छिन्नी काढेल. आणि विजेच्या वायरींच्या पट्टीतून ती न्यायची नाही, वेगळी पट्टी.

मागच्या टोकाला माझा जुना राउटर लावायचा. तो माळ्यावर आहे, चकलीच्या सोऱ्याच्या खोक्यामागे. सेटिंग सगळं करून ठेवलंय, ॲक्सेस पॉइंट म्हणतात तसं, म्हणजे वायरने आलेलं नेट तो तिथे वायफायवर देईल. नाव तेच, पासवर्ड तोच, चॅनेल ११. तुम्ही फक्त वायर खोचायची, पिवळ्या भोकात, आणि बटण दाबायचं. निळ्या भोकात नाही, बाबा. पिवळ्या.

तुम्ही पाठीमागे प्लगमध्ये लावलेला तो रिपीटर काढा. पैसे गेले, जाऊ दे. त्याचं काम ऐकलेलं पुढे सांगायचं. तुम्ही त्याला भिंतीपलीकडे बसवलंत, जिथे त्याला स्वतःलाच काही ऐकू येत नाही. आणि नीट लावला असता तरी एकाच तोंडाने ऐकून त्याच तोंडाने सांगायचं म्हणजे निम्मा वेग तिथेच जातो. त्यापेक्षा वायर बरी.

पुढचा राउटर टीव्हीच्या मागून काढून पुस्तकांच्या मांडणीवर, मोकळ्यावर ठेवा. टीव्ही म्हणजे मागून मोठा पत्राच असतो. वरचा क्रोशाचा रुमाल सिग्नल अडवत नाही, पण खाली राउटर तापतो, म्हणून तोही काढ, आई. मला माहीत आहे तो मामीने दिलेला आहे.

गुरुवारी लाइट गेली की नेट जातं त्यासाठी छोटे यूपीएस मिळतात, राउटरपुरते. दोन लागतील, आणि बाहेरून येणाऱ्या नेटच्या फायबर केबलचा डबा वेगळा असेल तर त्यालाही. ॲडॉप्टरवर १२ व्होल्ट लिहिलंय का ते बघून घ्या, नाहीतर मी आल्यावर बघू. त्याची घाई नाही.

घाई कशाची आहे ते सांगते. बाबा, तुम्हाला हे माहीत नसेल. आठ ते दहा तुमच्या बातम्या चालू असतात, पुढच्या खोलीत माणसाला स्वतःचा आवाज ऐकू येत नाही. मागे नेट नाही. मग आई कुठे बसून बोलते? ती सांगते, "बसलेय गं आत." पण आई, मला तुझ्या मागे तुळस दिसते. परवा तर तू शाल डोक्यावरून घेतली होतीस आणि मागून गाडीचा दिवा गेला. रात्रीचे सव्वानऊ, नोव्हेंबरातली पुण्याची थंडी, आणि त्या गुडघ्यांनी तू पायरीवर उभी. डॉक्टरांनी पायऱ्या टाळायला सांगितल्यात ना? मी काही बोलले नाही, कारण बोलले असते तर तू फोनच लवकर ठेवायला लागली असतीस.

तेव्हा जाळीवाल्याला या शनिवारीच बोलवा. पुढच्या रविवारी मी नऊला फोन करीन. तुझ्या मागे कपाट आणि त्यावरची गादी दिसली पाहिजे.

बाबा, बीपीची गोळी आणि हा कागद दोन्ही सकाळी.

तुमची,
मनू

ता. क. टेलिफोनचं भोक कालनिर्णयच्या मागे आहे, खिळ्याच्या डावीकडे चार बोटं. खिळा काढू नका, तिथला गिलावा पोकळ झालाय, पोपडाच हातात येईल. नुसतं कॅलेंडर उतरवा.