चक्रीवादळ येण्याआधी : ग्रामस्थ, चाकरमानी आणि माहेरवाशिणींना मदतीचं आवाहन

सप्रेम नमस्कार.

अरबी समुद्रात कमी दाबाचं क्षेत्र तयार झालं असून ते आणखी तीव्र होत उत्तरेकडे सरकतं आहे, अशी हवामान खात्याची सूचना काल संध्याकाळी तहसील कार्यालयाकडून गावात आली. त्याला अजून नाव मिळालेलं नाही. वारा ताशी ६२ किलोमीटरच्या पुढे गेला की ते चक्रीवादळ ठरतं आणि नाव मिळतं. नावाची वाट बघत बसायला आपल्याकडे वेळ नाही. बंदरावर बावटा लागला आहे. समुद्रात गेलेल्या तांडेलांना, म्हणजे होड्यांच्या प्रमुखांना, निरोप पोचले. दोन सोडून सगळ्या होड्या खाडीत आल्या, आणि त्या दोन हर्णै बंदराला लागल्या आहेत. खलाशी सुखरूप आहेत, हे आधी सांगतो, कारण काल रात्रीपासून मुंबईहून सगळ्यांचे त्याचसाठी फोन येत आहेत.

आपलं गाव बाणकोट खाडीच्या काठावर, मंडणगड तालुक्याच्या टोकाला. गावात यायला रस्ता एकच. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आलं तेव्हा हा रस्ता दुपारी दोनच्या आत बंद झाला होता. आंबा, काजू, वड, विजेचे खांब, सगळं आडवं. वटपौर्णिमा दोन दिवसांवर होती आणि ज्या वडाला बायका दरवर्षी सूत गुंडाळायच्या तोच मुळासकट रस्त्यावर पडला होता. एन.डी.आर.एफ.ची माणसं किनाऱ्यावर ठिकठिकाणी आधीच येऊन थांबली होती, पण प्रत्येक गावाच्या वेशीवर ती उभी राहू शकत नाहीत. वेशीपासून डांबरी फाट्यापर्यंतचा रस्ता आपल्यालाच मोकळा करायचा होता, आणि हातात होते कोयते, दोन कुऱ्हाडी आणि शेजारच्या वाडीतून मागून आणलेली झाडं कापायची एक पेट्रोल मशीन.

त्या मशीनची गोष्ट सांगायलाच हवी. पहिल्या दोन तासांत तिने सात झाडं कापली. आठव्या आंब्याचं खोड जमिनीला टेकलं होतं. कापता कापता चेन खालच्या जांभ्या दगडाला लागली आणि बोथट झाली. त्यानंतर लाकडातून भुसा निघण्याऐवजी नुसता धूर निघायला लागला. चेनला धार लावायला गोल कानस लागते. आख्ख्या गावात ती एकाकडेही नव्हती. दुसरी चेनही नव्हती. तीन कोस चालत जाऊन एका सुताराकडून कानस आणली तोवर संध्याकाळ झाली. दुसऱ्या दिवशी वाकून ताणलेली एक फांदी चुकीच्या बाजूने कापली गेली, ती उसळली आणि आपल्यातल्या एका पोराच्या जबड्यावर बसली. डोक्यावर हेल्मेट नव्हतं. त्याला झोळीत घालून चालत फाट्यापर्यंत न्यावं लागलं. पोरगा वाचला, आज गावच्या आपत्ती मदत पथकात सगळ्यात पुढे तोच असतो. पण त्या झोळीचं ओझं ज्यांनी ज्यांनी खांद्यावर घेतलं, त्यांच्यापैकी कुणीही ती दुपार विसरलेलं नाही.

वादळ होऊन गेल्यावर मदत आली. पुष्कळ आली, आणि ज्यांनी पाठवली त्यांचं ऋण आम्ही मानतो. पण पहिले दोन-तीन दिवस गावाला जे लागतं ते वादळाच्या आधी गावात असावं लागतं, नंतर ते आणायला रस्ताच नसतो. म्हणून हे आवाहन आज करतो आहोत, आणि मागणी आज-उद्याचीच आहे.

सगळ्यात आधी किल्ल्या. पैशाच्याही आधी. गावात सध्या स्लॅबची अठरा घरं आहेत, त्यांतली अकरा बंद आहेत, कारण घरमालक मुंबई, ठाणे, पुण्याला आहेत. दुसरीकडे खालच्या वाडीत कौलारू आणि पत्र्याची घरं आहेत, काहींवर तर नुसते सिमेंटचे पत्रे, आणि वाऱ्याचं गणित असं आहे की वेग दुप्पट झाला की त्याचा जोर चौपट होतो. पत्रा एका कोपऱ्यातून उचलला गेला की पुढचं सगळं छप्पर काही मिनिटांचं काम. शाळेच्या दोन खोल्या आणि देवळाचा सभामंडप मिळून एवढी माणसं मावत नाहीत. तुमच्या बंद घराची किल्ली ज्यांच्याकडे असेल त्यांना आजच फोन करून सांगा, की पथकातल्या बायका आल्या तर घर उघडून द्या. एक खोली आणि संडास मिळाला तरी दोन कुटुंबं रात्र काढतील. कोण राहिलं, कधी आलं, कधी गेलं याची वही ठेवू, आणि घर झाडून-पुसून परत देऊ.

दुसरी, झाडांची परवानगी. वाळलेला माड, विजेच्या तारेवर झुकलेली आंब्याची फांदी, शेजाऱ्याच्या कौलांवर आलेला फणस. मालक मुंबईला, झाड इथे. दर वर्षी हा विषय गावकीच्या बैठकीत निघतो आणि 'त्याला विचारलं पाहिजे' म्हणून राहून जातो. आता विचारतो आहोत. आम्ही वाडीवाडीने फिरून धोक्याच्या झाडांना चुन्याची खूण केली आहे आणि फोटो ग्रामस्थ मंडळाच्या फोनवरच्या गटावर टाकले आहेत. आपलं झाड दिसलं तर 'तोडा' एवढा एकच शब्द लिहून पाठवा. लाकूड तुमचंच राहील, रचून ठेवू. हातचं झाड तोडायला सांगणं किती जड जातं ते आम्हाला कळतं. निसर्गमध्ये पोफळी गेल्या, त्या जागी लावलेली रोपं कुठे आता धरायला लागली आहेत. तरी सांगा.

आता पथकाविषयी. आम्ही तेवीस जण आहोत, त्यांत नऊ बायका. सहा जणांनी सरकारच्या आपदा मित्र योजनेतलं, आपत्तीत मदत कशी करायची याचं बारा दिवसांचं प्रशिक्षण घेतलं आहे. बाकीचे त्यांच्याकडून शिकले. बायकांनी गेल्या दोन महिन्यांत घरोघर जाऊन एक वही तयार केली आहे : कोणत्या घरात एकटं म्हातारं माणूस आहे, कोण अंथरुणावर आहे, कोणाला कितवा महिना आहे, कोणाला रोज कोणती गोळी लागते, इन्सुलिन कोण घेतं. निसर्गच्या वेळी वीज काही वाड्यांमध्ये महिनाभर आली नव्हती. फ्रिज बंद, त्यामुळे इन्सुलिन कुठे ठेवायचं हा प्रश्न उभा राहिला. तेव्हा सुचलेला उपाय आता आधीच करून ठेवला आहे : नवं मडकं, त्यात ओली वाळू, वाळूत झाकणाचा डबा, वर ओलं फडकं. अशी पाच मडकी शाळेच्या सावलीत मांडलेली आहेत आणि फडकी ओली ठेवायचं काम सातवीतल्या दोन मुलींनी आपणहून घेतलं आहे. वीज गेली की नळाला पाणी नाही, गिरणी बंद, आणि टॉवरचं डिझेल संपलं की फोनही बंद. निसर्गनंतर आपली माणसं फोनला रेंज मिळावी म्हणून डोंगरावर चढत होती, हे मुंबईकरांना माहीत आहेच. तुमचा फोन लागत नव्हता तो त्यामुळे.

या वेळी आणखी एक काळजी आहे. निसर्ग आलं त्या दिवशी ज्येष्ठ शुद्ध द्वादशी होती. तिथीच्या पाऊणपट वाजता भरती हे आपलं जुनं गणित, म्हणजे बाराव्या तिथीला नऊ वाजता. भरती सकाळी होऊन गेली आणि वारा दुपारी, पाणी ओसरत असताना आला. आपली खालची वाडी त्यामुळे वाचली. आता अमावास्या तीन दिवसांवर आहे, म्हणजे उधाणाचे दिवस. पूर्ण भरती दुपारी आणि मध्यरात्री, साडेअकरा-बाराच्या सुमारास. वारा नेमका त्या वेळी आला तर खाडीचं पाणी खारबंदिस्तीच्या, म्हणजे खारं पाणी अडवणाऱ्या, बांधावरून आत येईल. उघाडीजवळ, म्हणजे बांधातल्या पाणी सोडायच्या दाराजवळ, बांध दोन ठिकाणी खचलेला आहे. उद्या सकाळी सहा वाजता तिथे श्रमदान आहे. खताच्या, सिमेंटच्या रिकाम्या गोण्या ज्यांच्या घरी असतील त्यांनी आज रात्रीच चावडीवर आणून टाकाव्यात. किमान तीनशे लागतील, हातात सध्या नव्वद आहेत. फावडी-घमेली असतील तर तीही आणा. ज्यांच्या कमरेला त्रास आहे त्यांनी गोण्यांची तोंडं शिवायला या, ते बसून करायचं काम आहे.

वस्तू म्हणून जे हवं आहे ते असं. झाडं कापायच्या मशीन आपल्याकडे आता दोन आहेत, दोन्ही चालू स्थितीत आहेत. त्यांना चार जादा चेन, गोल कानशी, टू-टी ऑइल आणि पेट्रोल हवं. दहा हेल्मेट, समोर जाळी असलेली मिळाली तर उत्तम. जाड हातमोजे आणि गमबूट, पुरुषांचे आणि बायकांचेही, कारण गेल्या वेळी दान आलेले सगळे गमबूट दहा नंबरचे होते आणि बायकांनी ते कापडाच्या चिंध्या कोंबून वापरले. पन्नास ताडपत्र्या, मोठ्या मापाच्या, कडेला भोकं असलेल्या. जाड नायलॉनचा दोर, कारण माड छपरावर पडला की आधी तो दोन ठिकाणी बांधून घ्यावा लागतो आणि मग शेंड्याकडून तुकडे करत यावं लागतं. दोर नसेल तर कापलेला बुंधा उरलेलं घरही घेऊन खाली येतो. विजेऱ्या आणि त्यांचे सेल, क्लोरीनच्या गोळ्या, तान्ह्या मुलांसाठी दुधाची पावडर, बायकांसाठी सॅनिटरी पॅड. पॅडचं मागच्या वेळी कुणालाच सुचलं नव्हतं. पन्नास-साठ बायका-मुली चार दिवस शाळेत होत्या, त्यांचे हाल त्यांनीच सोसले आणि कुणापाशी बोलल्या नाहीत.

जुने कपडे कृपा करून पाठवू नका. भावना कळते, पण त्या बोचक्यांचं करायचं काय हा गावाला नवा उद्योग होतो.

ज्यांना वस्तू पाठवणं जमणार नाही त्यांनी रोख द्यावी. रक्कम शंभर असो की दहा हजार, पावती मिळेल. गावात ग्रामपंचायतीच्या कार्यालयात, मुंबईत मंडळाच्या आपापल्या वाडीच्या प्रतिनिधीकडे. कुणा अनोळखी नंबरवर, गटात फिरणाऱ्या कुठल्याही क्यूआर कोडवर पैसे पाठवू नका, पथकाने असा कोड काढलेला नाही. जमा-खर्च दर संध्याकाळी पंचायतीच्या फळ्यावर लिहिला जाईल आणि त्याचा फोटो मंडळाकडे जाईल.

कुणी विचारेल, वादळ वळून दुसरीकडे गेलं तर? गेलं तर देवच पावला. तौक्ते चक्रीवादळ इथे धडकलंच नाही, ते १७ मे २०२१ च्या रात्री गुजरातच्या किनाऱ्यावर गेलं. तरी ते आपल्या समोरून, समुद्रातून जाताना कोकणभर झाडाखाली हापूसचा सडा पडला आणि घरांवरचे पत्रे उडाले, हे बागायतदारांना सांगायला नको. आणि हे सामान वाया जाणारं नाही. मृग आठ-दहा दिवसांवर आहे. पावसाळ्यात रस्त्यावर झाड पडायचं तेव्हा पडणारच, दरड यायची तेव्हा येणारच. दोर, मशीन, हेल्मेट चावडीच्या खोलीत कुलपात राहतील, यादी दारावर लावलेली असेल.

जे गावात आहेत त्यांना दोन-चार कामं. आपल्या घराचे, गोठ्याचे, वाडीचे फोटो आजच काढून मुंबईतल्या कुणाला तरी पाठवून ठेवा, पंचनाम्याच्या वेळी उपयोगी पडतील. रेशनकार्ड, आधार, सातबारा, बँकेचं पुस्तक प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून कमरेला किंवा पेटीत. दोन दिवसांचं दळण आजच आणा. गुरं वारा सुरू झाला की दाव्याला ठेवू नका. आणि एक गोष्ट कळकळीने : वारा अचानक पडला, ऊन पडल्यासारखं झालं, तरी घराबाहेर येऊ नका. वादळाचा डोळा डोक्यावर असला की असंच होतं, आणि मग वारा उलट्या दिशेने येतो. पडलेल्या तारेला, ती मेलेली आहे असं वाटलं तरी, हात लावू नका. कुणाच्या घरचा जनरेटर चालू असेल तर त्याची वीज उलटी तारेत येते. आपत्ती कक्षाचा क्रमांक १०७७, रुग्णवाहिकेचा १०८, समुद्रात कुणी अडकलं तर तटरक्षक दलाचा १५५४. भिंतीवर खडूने लिहून ठेवा, फोनमध्ये नको, फोन बंद पडतो.

सामान उद्या रात्रीच्या मुंबईहून सुटणाऱ्या गाडीत चढवलं तर परवा सकाळी फाट्यावर उतरेल. पथकातली चार मुलं पहाटे साडेपाचपासून तिथे टेम्पो घेऊन उभी असतील. पार्सलवर गावाचं आणि वाडीचं नाव मोठ्या अक्षरात लिहा, आत काय आहे तेही लिहा, म्हणजे कानशी आणि चेन आधी बाहेर काढता येतील. परवाच्या नंतरची गाडी सुटेल की नाही सांगता येत नाही.

आपले,
गावच्या आपत्ती मदत पथकाचे सर्व स्वयंसेवक, ग्रामपंचायत आणि ग्रामस्थ मंडळाच्या वतीने