ओळ तुटते तिथला हुंकार

महोदय,

अमेरिकेतल्या अलाबामात १९३० साली जन्मलेल्या ओडेटा या गायिकेची जुनी लोकगीतं आणि ब्लूज (तिथल्या कृष्णवर्णीयांची व्यथेची गाणी) नातवानं परवा मोबाइलवर लावली. त्यात दगड फोडणाऱ्या कैद्यांचं गाणं आलं. ओळ संपली की ती ‘हंऽ’ करते, हातोडा पडावा तसं. भाषा कळली नाही, पण अंगावर काटा आला. माझी आई पहाटे दळायला बसायची, तेव्हा घास टाकताना ओवी अशीच तुटायची, खुंटा फिरला की पुढं निघायची. हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ या अभ्यासकांनी जात्यावरच्या लाखावर ओव्या गोळा केल्या. आईची मात्र एकही कुणी, अगदी मीसुद्धा, लिहून घेतली नाही. आपल्या रविवार पुरवणीत गावोगावच्या आज्यांच्या ओव्या छापा. धाकट्या मावशीला अजून येतात, त्या मी उतरवून पाठवते.

– एक वाचक, तासगाव (जि. सांगली)